झोळीतला भाऊ

प्रतिभा : म्हणजे फकिराभाऊजींच्या त्या पत्राला तुम्ही उत्तर दिलंच नाहीत.

अण्णा : लिहायला बसलो होतो. दोनतीनदा बसलो.

प्रतिभा : दसऱ्याच्या आधी आलेलं पत्र ते. संक्रांत होऊन गेली. मी विचारलं तेव्हा "पाठवलं" म्हणालात, तेही चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता.

अण्णा : विषय संपावा म्हणून म्हणालो. पण आज अचानक पत्राची आठवण कशी आली तुला?

प्रतिभा : हॉस्पिटलातून फोन होता. ती चष्मेवाली मुलगी, आपल्याला कागदावर गोल काढून समजावलं होतं ना, ती. म्हणाली, "काकू, काकांनी सांगितलंय की त्यांना भाऊबहीण कुणी नाही. मग फक्त तुमच्या मुलीची, दीपमालाचीच तपासणी लावू ना?" मी म्हटलं, थांब बाई. मखमलाबादला एक सहा फुटी भाऊ आहे, गुलाबाच्या मळ्यात.

अण्णा : सांगितलंस तू तिला?

प्रतिभा : का? लपवायचा होता? यकृतात कॅन्सरची गाठ निघाली, सुई घालून जाळली, पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन महिन्यांनी आपण चकरा मारतोय. डॉक्टर घसा कोरडा करून सांगताहेत, की हे तुमच्या घराण्यात असू शकतं, सख्ख्या भावंडांना आधी कळवा. आणि तुम्ही त्यांना सांगता, भावंडच नाही!

अण्णा : अगदीच खोटं नाही ते. तो झोळीतला आहे.

प्रतिभा : अहो, सत्तरी आली तुमची.

अण्णा : मी काय नवीन सांगतोय? सगळ्या भावकीला माहीत आहे. माझ्या पाठीवर दोन मुलं झाली आणि गेली. तिसरं जगावं म्हणून आईनं त्याला दारावर आलेल्या फकिराच्या झोळीत टाकलं आणि पायलीभर बाजरी देऊन परत घेतलं. म्हणजे तो आमचा नाही, त्या फकिराचा. नावही तेच ठेवलं.

प्रतिभा : काळाला फसवायला करायचे तसं, जुनी माणसं. तुम्ही डॉक्टरांना फसवायला करताय.

अण्णा : मी सहा वर्षांचा होतो तेव्हा. दारात उभा होतो. मला वाटलं होतं, नेईल तो झोळी उचलून.

प्रतिभा : आणि नेली नाही म्हणून अजून राग आहे.

अण्णा : राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काही कारण तरी सांगता येतं. तुला ठाऊक आहे, नवसाच्या पोराला नवं कापड घालत नसत. घरोघर मागून आणलेलं झबलं घालायचे. मला दुकानातला सदरा, इस्त्रीचा. आणि मी त्याच्या झबल्याकडे बघत बसायचो. प्रत्येक घरची बाई त्याला कडेवर घ्यायची, मुका घ्यायची, स्वतःच्या पोराचं झबलं काढून त्याच्या अंगात घालायची. माझा सदरा दुकानदारानं कागदात गुंडाळून दिलेला.

प्रतिभा : हे मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी सांगताय.

अण्णा : सांगण्यासारखं आहे का काही त्यात?

प्रतिभा : बरं. झबलं राहू दे. पत्रात त्यांनी काय विचारलंय, ते वाचलंत तरी का नीट?

अण्णा : पाठ आहे मला. "अण्णा, फोन उचलत नाहीस म्हणून पत्र टाकतो, तुला पत्रं आवडतात. तुझं दुखणं रक्ताचं आहे असं लोक बोलतात. महेश माझ्या पाठी लागला आहे की बाबा, तपासून या. मी त्याला म्हणालो, रक्ताचं असेल तर मला कशाला होईल, मी झोळीतला. पण अण्णा, लहानपणी तू सांगायचास, की मी फकिराचाच, आईच्या पोटचा नाही, ते खरं होतं का गंमत होती? तू खरं काय ते तुझ्या हातानं लिहून कळव. मग मी काय ते बघतो."

प्रतिभा : मग? दोन शब्दांचं उत्तर आहे. तू सख्खा.

अण्णा : तेच दोन शब्द लिहायला हात होत नाही.

प्रतिभा : का पण?

अण्णा : हसू नकोस.

प्रतिभा : मी कधीची हसत नाहीये.

अण्णा : बघ, त्याला सगळं मिळालं. मळा मिळाला, मी नोकरीत म्हणून. आवाज मिळाला. चार माणसांत बसला की चारही माणसं त्याची. मी वाचनालयात लोकांना हवी ती पुस्तकं शोधून दिली, उभा जन्म, आणि रस्त्यात भेटल्यावर लोक विचारतात, "तुम्ही फकिराशेठचे भाऊ ना?" माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त असं एकच होतं. मी सख्खा होतो. तेही आता सहीनिशी लिहून द्यायचं? आणि दारू! वडिलांचं पोट पाण्यानं फुगलं, ते गेले. थेंब शिवला नव्हता त्यांनी, तरी गाव म्हणालं, चोरून पीत असणार. त्या दिवसापासून मी चहासुद्धा अर्धा कप पितो. लग्नात सरबत दिलं तरी आधी वास घेऊन बघतो. आणि फकिरा? द्राक्षांचा हंगाम असो नसो, संध्याकाळ झाली की बांधावर बैठक. चाळीस वर्षं! आणि गाठ कुणाच्या यकृतात? माझ्या.

प्रतिभा : ते तुमच्या वागण्यानं नाही झालं. डॉक्टरांनी सांगितलं ना.

अण्णा : सांगितलं. म्हणूनच तर जास्त लागलं. त्या जनुकाची एक प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून, आणि दोन्ही बिघडलेल्या. मला वाटायचं आईनं सगळं त्याला दिलं आणि मला काहीच नाही. मला काय दिलं ते इतक्या वर्षांनी रिपोर्टमध्ये कळलं.

प्रतिभा : तेच फकिराभाऊजींनाही दिलं असेल.

अण्णा : म्हणजे यातसुद्धा त्याचा वाटा?

प्रतिभा : अहो, काय बोलताय तुम्ही! ऐकू येतंय का तुमचं तुम्हाला?

अण्णा : येतंय. म्हणून तर कुणाशी बोलत नाही. आता सगळंच ऐक. तो तपासून आला आणि त्याचं यकृत स्वच्छ निघालं, एवढी पिऊनही, तर मला झोप लागणार नाही.

प्रतिभा : आणि खराब निघालं तर?

अण्णा : तर... तरीही नाही लागणार.

प्रतिभा : मग निदान त्यांना तरी वाचू दे. मी आत्ता फोन लावते मखमलाबादला.

अण्णा : थांब. नको. फोनवर तो आधी हसतो. तो हसला की मी काय सांगणार होतो ते विसरतो, आणि भलतंच काहीतरी लागट बोलून बसतो. दार वाजलं का गं?

प्रतिभा : अगंबाई, भागुबाई! या, या. एकट्याच? फकिराभाऊजी नाही आले? एवढ्या लांब नाशिक रोडला?

भागुबाई : फुलबाजारात आले व्हते, ताई. म्हनलं जाऊन यावं. ही घ्या, मेथी आन् थोडी फुलं. अण्णा, बरं हाय का तुमचं?

अण्णा : बरं आहे. म्हणजे, सध्या बरं आहे. बस ना वर, खुर्चीवर.

भागुबाई : हितंच बरी हाय मी, खाली. अण्णा, मी आले व्हते हे आमच्यांना सांगू नका बरं का. कळलं तर घर डोक्यावर घेतील.

प्रतिभा : काय झालंय? चेहरा का असा तुमचा?

भागुबाई : चेहऱ्याचं काय. यांची पँट बसंना झाली, ताई. हात वाळले आन् पोट वाढलं. पाय सुजतात सांजच्याला. रातभर अंग खाजवीत बसतात. गुलाबाला डोळे भरायचे, कलमं करायचे दिस हायेत, खाली वाकलं की दम लागतो, मग गड्याला शिव्या देतात. गड्याचा काय दोष?

अण्णा : कधीपासून आहे हे?

भागुबाई : दिवाळीपासून म्हना. महेशनं दवाखान्यात नंबर लावला दोनदा. दोन्ही बारीला हे मळ्यात जाऊन लपले, पोरावानी. मी इचारायला आले, अण्णा. तुमचं हे दुखनं रक्ताचं हाय म्हनतात, म्हंजे नक्की कसं?

अण्णा : त्याचं असं आहे, की मानवी जनुकसंचामध्ये...

प्रतिभा : सोपं करून सांगा.

अण्णा : हो. बघ, शरीर कसं घडवायचं याचा मजकूर प्रत्येकाच्या अंगात असतो. त्याच्या दोन प्रती. एक आई देते, एक बाप देतो. माझ्या दोन्ही प्रतींमध्ये एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं आहे. एकच. त्यामुळे यकृतात चरबी साठत राहते. मग सूज येते, ते आतून निबर होतं, आणि पुढे कुणाकुणाला गाठ होते. सगळ्यांना होतेच असं नाही. लाखो लोकांच्या अंगात ते अक्षर असतं आणि त्यांना काही होत नाही. पण धोका वाढतो.

भागुबाई : आन् यांच्यात आसंल ते?

अण्णा : दोन्ही असतील, एक असेल, एकही नसेल. तपासल्याशिवाय नाही कळत.

भागुबाई : आन् वरून दारू आसंल तर?

अण्णा : ते अक्षर असेल आणि वरून दारू असेल तर...

भागुबाई : बोला ना, अण्णा.

अण्णा : तर धोका खूप वाढतो. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

भागुबाई : हे तुमाला ठावं व्हतं?

प्रतिभा : पाणी घ्या, भागुबाई.

भागुबाई : नको मला पानी. मी भांडायला नाय आले, ताई. मी म्हनते, सांगून तरी उपेग काय झाला असता? हे ऐकतात कुठं. येकच धोशा. "अण्णाचं रक्त येगळं, माझं येगळं. मी झोळीतला." महेश म्हनतो, बाबा, ती गंमत व्हती. तर म्हनतात, "गंमत हाय का नाय ते अण्णाला ठावं. तो डोळ्यानं बघत व्हता. त्यानं लिवून धाडलं तर मी दवाखान्यात येतो." रोज पोष्टमनची वाट बघतात. गाडीचा आवाज आला की बांधावर येतात.

अण्णा : तो हे खरं मानतो? एवढा मोठा माणूस? मला वाटायचं, थट्टा करतो माझी.

भागुबाई : थट्टा करूनच बोलतात. खरं बोलायचं आसलं की हसत्यात, तुमाला ठावं नाय का त्यांचं? लय हेवा करतात ते तुमचा.

अण्णा : माझा? फकिरा?

भागुबाई : मग! प्याले की तेच काढतात. "अण्णाला दुकानातला सदरा, मला दुनियेचे उतरलेले कपडे. अण्णाला साळंत घातलं, मला मळ्यात. का? तर तो घरचा." मी म्हनते, अवो, मळा तुमच्या नावावर हाय. म्हनतात, "मळा काय, गड्याला बी देतात कसायला."

प्रतिभा : बघा.

अण्णा : तू जरा थांब, प्रतिभा.

भागुबाई : सासूबाईंच्या दहाव्याला काय झालं, आठवतं का तुमाला? गोदेवर न्हावी आला व्हता. तुमी डोकं करायला बसले. हे कडंला उभे राहिले.

अण्णा : हो. त्यानं केस काढले नाहीत. मला राग आला होता. म्हटलं, सख्खी आई गेली तरी याला केस प्यारे.

भागुबाई : केस प्यारे! अण्णा, ते तुमच्या त्वांडाकडं बघत व्हते. तुमी म्हनाल, "फकिरा, तू बी बस." येवढंच म्हनायचं व्हतं तुमी. तुमी काय म्हनले नाय. घरी येऊन मोरीत गेले आन् सवताच्या हातानं वस्तरा फिरवला. चारपाच जागी कापलं. चार दिस टोपी घालून हिंडले, कोनी बघू नये म्हनून.

अण्णा : टोपी... हो, घातली होती.

भागुबाई : तेराव्याला तुमी म्हनले व्हते, "आता टोपी कशाला मिरवतोस?"

प्रतिभा : पुरे, भागुबाई.

भागुबाई : पुरे म्हंजे पुरेच. मी येवढंच मागते. तुमच्या हातचं दोन वळी लिवून द्या.

प्रतिभा : आत्ता देतील. घेऊनच जा.

भागुबाई : नको, नको. मी नेलं तर म्हनतील, तू जाऊन रडलीस, म्हनून त्यानं लिवलं. पोष्टानंच यायला पायजे, टिकिट लावून, ठप्पा मारून. त्याबिगर नाय पटायचं त्यांना. जाते मी. बस चुकंल.

अण्णा : भागू.

भागुबाई : जी?

अण्णा : तो जेवतो का नीट?

भागुबाई : अर्धी भाकर. तुमच्यावानीच.

प्रतिभा : गेल्या. कशा पायऱ्या उतरतायत बघा, कठड्याला धरून. आता बसा. कागद घ्या. मी बोलणार नाही.

अण्णा : मला नाही जमायचं. पुन्हा तेच होईल. पहिलं वाक्य लिहायचं आणि खोडायचं.

प्रतिभा : मोठ्यानं बोलत लिहा. खोडायला लागलात तर हात धरीन.

अण्णा : "प्रिय फकिरा, तुझे पत्र पावले. प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे उत्तरास विलंब..."

प्रतिभा : तुमची प्रकृती आडवी आली होती होय?

अण्णा : बोलणार नव्हतीस ना तू.

प्रतिभा : दुसरा कागद घ्या.

अण्णा : "फकिरा, तुझ्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही." असं लिहू?

प्रतिभा : लिहा.

अण्णा : "तू विचारलंस ते खरं होतं की गंमत. खरं नव्हतं, आणि गंमतही नव्हती. ते खरं असावं असं मला वाटायचं, म्हणून मी तुला सांगायचो. आता जे बघितलं ते लिहितो. तू झालास त्या दिवशी मला ओट्यावर बसवलं होतं. आई आतून ओरडत होती, आणि मग तुझा आवाज आला. एवढा मोठा, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. तू आईच्या पोटातून आलास. मी ऐकलं आहे. सुईण बाहेर येऊन मला म्हणाली, भाऊ झाला तुला."

प्रतिभा : हे तुम्हाला आठवत होतं?

अण्णा : हेच तर आठवत होतं. पुढे ऐक. "मग बाराव्या दिवशी तो फकीर आला. आईनं तुला झोळीत ठेवलं. लोक सांगतात, दिलं आणि बाजरी देऊन परत घेतलं. पण मी दाराशी होतो, माझी उंची झोळीएवढी होती. आईनं आपला हात तुझ्या पाठीखालून काढलाच नव्हता. बाजरी मापून होईपर्यंत तो हात झोळीतच होता. फकिराला ते कळत होतं, तो काही बोलला नाही. म्हणजे तू कुणाला दिलाच गेला नाहीस. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही, कारण तो हात बघितला आणि तिथूनच मला तुझा हेवा वाटायला लागला. अजून वाटतो."

प्रतिभा : हे शेवटचं ठेवायचं?

अण्णा : ठेवू दे. हे नसेल तर त्याला बाकीचं खरं वाटणार नाही. "तेव्हा आईवडिलांचं जे माझ्यात आलं ते तुझ्यातही आलेलं असू शकतं. हे डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मला भाऊ नाही असं मी म्हणालो. पत्र मिळाल्याबरोबर महेशला गाडी काढायला सांग. सोनोग्राफी कर, रक्त दे. दारू आजपासून बंद, हे मी मोठा म्हणून सांगतो, आणि महेशलाही तपासून घे. तू सख्खा आहेस. अण्णा." फार झालं का? शेवट जरा हुकूम सोडल्यासारखा वाटतो. भाषाही कशीतरीच, नुसती बोलल्यासारखी. पुन्हा एकदा नीट...

प्रतिभा : द्या इकडे तो कागद. पाकीट कुठंय?

अण्णा : आधी मला फोन दे.

प्रतिभा : कुणाला लावताय?

अण्णा : हॅलो... हो, मीच बोलतोय. ते तुम्ही मघाशी विचारलंत ना, भावंडांचं. एक भाऊ आहे. धाकटा... सख्खा, हो, सख्खा. लवकरच येईल तुमच्याकडे. पोटात पाणी झालं असावं असं वाटतं, त्याला थांबवून ठेवू नका... नाव? फकिरा... नाही हो, आडनाव आमचंच.

(संध्याकाळ. पोस्टाच्या लाल पेटीसमोर.)

प्रतिभा : टाका ना. मागे लोक उभे आहेत.

अण्णा : तिकीट पुरेल का?

प्रतिभा : जास्तीचं लावलंय.

अण्णा : पत्ता? मळा लिहिलं की नुसतं गाव?

प्रतिभा : मळ्याच्या आधी विहीर, विहिरीच्या आधी देऊळ, सगळं लिहिलंत तुम्ही. पोस्टमन डोळे मिटून जाईल.

अण्णा : बरं... पडलं.

प्रतिभा : चला आता. वारा सुटलाय.

अण्णा : प्रतिभा, ही पेटी किती वाजता उघडतात गं?

प्रतिभा : का? परत काढून घ्यायचंय?

अण्णा : नाही. आजच्या डाकेत जाईल ना, म्हणून विचारलं.